वारा, उंची आणि चढ-उतार: पुण्यातील गोल्फपटूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गोल्फ खेळणाऱ्याला एकाच आठवड्यात दोन अगदी वेगळ्या जमिनींवर खेळता येते. येरवड्याचे मैदान जुने, दाट झाडीचे आणि बहुतांशी सपाट आहे, तर लवळ्याचे मैदान टेकड्यांच्या कुशीत असल्याने तेथे चढ-उतारांना तोटा नाही. खालील प्रश्न या दोन्ही ठिकाणी नव्याने खेळू लागलेल्यांकडून, आणि कधीकधी वीस वर्षे खेळलेल्यांकडूनही, ऐकायला मिळतात. उत्तरांतील दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट वाचाव्यात.

‘खेळायचे अंतर’ म्हणजे नेमके काय?

फेअरवेवरच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरच्या) खुणेपासून किंवा रेंजफाइंडर या अंतर मोजण्याच्या यंत्रावरून मिळणारे अंतर हे जमिनीचे मोजमाप असते. चेंडू मात्र हवेतून जातो, आणि वाऱ्यामुळे, चढामुळे किंवा हवेच्या दाटपणामुळे तेच १५० यार्ड कधी १३८ यार्डांसारखे, तर कधी १६८ यार्डांसारखे वागतात. या दुसऱ्या आकड्याला आपण येथे खेळायचे अंतर म्हणू. क्लब (चेंडू मारायची काठी) निवडायचा तो या आकड्यावरून.

याला एक पूर्वअट आहे. आपल्या प्रत्येक क्लबने चेंडू हवेतून किती यार्ड जातो, म्हणजे त्याची कॅरी किती, हे माहीत असले पाहिजे. आयुष्यातला सर्वांत चांगला बसलेला फटका म्हणजे आपली कॅरी नव्हे. सरावाच्या रेंजवर मारलेल्या वीस चेंडूंपैकी मधले दहा जेथे पडतात ती आपली कॅरी. पुष्कळ खेळाडू वाऱ्याचा हिशेब बिनचूक करतात, पण तो चुकीच्या मूळ आकड्यात मिळवतात आणि मग वाऱ्याला दोष देतात.

पुणे समुद्रसपाटीपासून उंचावर असल्यामुळे चेंडू येथे जास्त लांब जातो का?

जातो, पण समजले जाते तितका नाही. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे. तापमान सारखे असेल, तर येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्के विरळ भरते. हवा विरळ झाली की चेंडूला होणारा अवरोध कमी होतो, पण बॅकस्पिनमुळे (उलट्या फिरकीमुळे) त्याला मिळणारी उचलही तितकीच घटते, त्यामुळे नफ्यातला बराचसा भाग परत जातो. दर १,००० फुटांमागे कॅरी साधारण १.२ टक्क्यांनी वाढते, हा ढोबळ हिशेब धरला तर पुण्यात १५० यार्डांच्या फटक्याला तीन आणि ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या २२० यार्डांना चार-पाच यार्ड जास्तीचे मिळतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जो खेळाडू पुण्यातच सराव करतो त्याच्या कॅरीच्या आकड्यांत ही उंची आधीच धरलेली असते. ती पुन्हा मिळवणे म्हणजे एकच बिल दोनदा भरणे होय. उंचीचा विचार करायचा तो गावाबाहेर खेळायला जाताना.

मग हिवाळ्यातल्या सकाळी चेंडू आखूड का पडतो?

कारण पुण्यात उंचीपेक्षा ऋतूचा आणि वेळेचा फरक मोठा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. डिसेंबरातल्या पहाटे पारा १० अंशांवर असताना येथील हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.१७ किलो भरते. मे महिन्यात दुपारी पारा ३९ अंशांवर गेला की तेच १.०५ किलोच्या आसपास येते. हा फरक दहा टक्क्यांचा, म्हणजे मुंबई आणि पुणे यांच्यातल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट झाला. गंमत अशी की हिवाळी पहाटे पुण्याची हवा मुंबईतल्या दुपारच्या हवेइतकी, किंबहुना किंचित अधिकच, दाट असते. घाट चढून आल्याचा सगळा फायदा थंडी खाऊन टाकते.

यार्डांत सांगायचे तर १५० यार्डांच्या फटक्यात या दोन टोकांमध्ये पाच-सहा यार्डांचा, म्हणजे अर्ध्या क्लबचा (लागोपाठच्या दोन क्लबांतल्या अंतराच्या निम्मा) फरक पडतो. शिवाय गार चेंडू क्लबवरून कमी वेगाने निघतो, दोन स्वेटरांत खांदे पुरेसे वळत नाहीत आणि दवाने ओल्या गवतावर चेंडू घरंगळत नाही. हे सगळे एकत्र धरले तर जानेवारीत सकाळी साडेसहाला सुरुवात करणाऱ्याने पहिल्या चार-पाच होलांवर एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारा, घेण्यात कमीपणा मानू नये, आणि साडेनऊनंतर ऊन तापल्यावर तो पुन्हा कमी करायला विसरू नये. हे दुसरे काम जास्त अवघड जाते. मी स्वतः ते अजूनही विसरतो, आणि चेंडू ग्रीनच्या (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मागच्या झुडपात शोधतो.

पावसाळ्यातली दमट हवा जड असते, म्हणून चेंडू कमी जातो, हे खरे आहे का?

नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित हलकीच होते. मात्र तिचा कॅरीवरचा परिणाम एखाद्या यार्डाचाही नसतो. पावसाळ्यात फटका आखूड वाटतो तो भिजलेल्या फेअरवेवर चेंडू जेथे पडतो तेथेच रुतून बसतो म्हणून, ओल्या ग्रिपवर हात सैल पडतात म्हणून आणि जून-जुलैमध्ये पश्चिमेचा वारा जोरात असतो म्हणून. पश्चिमेकडे तोंड करून खेळायचे होल त्या दिवसांत कार्डावरच्या आकड्यापेक्षा बरेच लांब होतात.

कोणतेही यंत्र न वापरता वाऱ्याचा वेग कसा ओळखावा?

झाडांकडे पाहून. हवामानखाते आणि दर्यावर्दी वापरतात ती ब्यूफोर्ट श्रेणी गोल्फपटूलाही उपयोगी पडते. वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पाने सळसळतात तेव्हा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या आणि हलके निशाण ताणून फडकू लागले, तर तो १२ ते १९ आहे. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, की २० ते २८. पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली तर ३० च्या पुढे गेला असे समजावे, आणि पार (होलासाठी ठरलेले फटके) वाचवण्याची भाषा सोडून बोगीवर (त्याहून एक फटका जास्त) समाधान मानावे.

मोबाइलवर दिसणारा वेग हा मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा धरलेला असतो. चांगला लागलेला आयर्नचा (लोखंडी क्लबचा) फटका २० ते ३० मीटर वर जातो, आणि तेथे वारा त्याहूनही जोरात असतो. म्हणून टीवर (होलाच्या सुरुवातीच्या जागेवर) उभे राहून गालाला जे जाणवते त्यावर निर्णय घेऊ नये.

येरवड्याला टीवर वारा मुळीच नसतो आणि तरीही चेंडू मध्येच अडल्यासारखा का होतो?

झाडांमुळे. दुतर्फा उंच झाडी असलेल्या फेअरवेवर आपण जणू बोळात उभे असतो; खाली शांत असते आणि शेंड्यांच्या वर वारा वाहत असतो. चेंडू शेंड्यांच्या वर गेला की त्याला तो गाठतो, खाली येताना पुन्हा सोडतो. अशा ठिकाणी तीन गोष्टी पाहाव्यात: शेंडे कोणत्या दिशेला झुकताहेत, पिनवरचे (होलातल्या काठीवरचे) निशाण काय सांगते आणि आधीच्या गटाचा चेंडू सर्वांत उंच असताना कोठे वळला. तिन्ही साक्षी जुळल्या नाहीत, तर शेंड्यांवर विश्वास ठेवावा, कारण चेंडूचा बहुतेक वेळ त्याच उंचीवर जातो. निशाण फसवे असते. ग्रीनच्या मागे झाडांची भिंत असली की वारा तिच्यावर आपटून उलटा फिरतो, आणि निशाण नेमकी विरुद्ध दिशा दाखवू लागते.

समोरचा वारा असताना किती जास्त धरावे?

वाऱ्याच्या ताशी दर १० किलोमीटरमागे सहा टक्के. म्हणजे ताशी १६ किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात १५० यार्डांचे खेळायचे अंतर १६५ होते. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर मात्र निम्मेच, म्हणजे पाच टक्के वजा करायचे, आणि अंतर १४२-१४३ धरायचे.

दोन्हींत एवढी तफावत का, याचे उत्तर बहुधा ‘अवरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो’ एवढेच दिले जाते, आणि ते अपुरे आहे. सेकंदाला ५० मीटर वेगाने निघालेल्या चेंडूला ५ मीटरचा वारा समोरून आला तर हवेच्या तुलनेत त्याचा वेग ५५ होतो, मागून आला तर ४५. वर्ग करून पाहिले तर समोरून अवरोध २१ टक्क्यांनी वाढतो, मागून १९ टक्क्यांनी घटतो. एवढ्याशा फरकाने दुप्पट तफावत पडत नाही. खरा फरक उचलीत आहे. समोरच्या वाऱ्यात अवरोधाबरोबर उचलही वाढते, त्यामुळे चेंडू वर वर चढत जातो, वाऱ्याच्या तोंडी जास्त वेळ राहतो आणि शेवटी जवळजवळ उभा खाली येतो. मागच्या वाऱ्यात उचल घटते, म्हणून वारा ढकलत असूनही चेंडू लवकर खाली बसतो. थोडक्यात, वारा समोरून जितके घेतो तितके मागून परत देत नाही.

मग समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारले तर चालणार नाही का?

हीच सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. जोर लावला की बॅकस्पिन वाढतो, बॅकस्पिन वाढला की उचल वाढते, आणि वर सांगितलेला सगळा प्रकार अधिक वाईट होतो. हातात सात नंबरचा आयर्न असताना (नंबर जितका लहान, तितका फटका लांब) वारा जाणवला, तर तोच क्लब रागाने मारण्यापेक्षा सहा किंवा पाच नंबर काढावा, ग्रिप इंचभर खाली धरावी, चेंडू नेहमीपेक्षा एका चेंडूच्या रुंदीएवढा मागे ठेवावा आणि तीन-चतुर्थांश स्विंग सावकाश पुरा करावा. चेंडू खालून निघतो, कमी फिरतो आणि वाऱ्याखालून सरपटत गेल्यासारखा जातो. येथील अनुभवी कॅडी (क्लबांची पिशवी वाहणारे सोबती) ‘साहेब, एक क्लब जास्त आणि हळू’ एवढेच सांगतात. या संपूर्ण परिच्छेदाचे सार त्या सहा शब्दांत आहे.

हा फटका वाऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहू नये. निवांत दिवशी रेंजवर सहा नंबरने १२० यार्डांवर चेंडू टाकण्याचा सराव करावा. असे हळू मारणे हे जोराने मारण्यापेक्षा अवघड आहे, हे तेव्हाच लक्षात येते.

पाठीमागून वारा असेल तर काही काळजी घ्यावी लागते का?

ड्रायव्हरच्या बाबतीत फारशी नाही. टीची खुंटी किंचित उंच लावावी आणि चेंडूला वर जाऊ द्यावे. ग्रीनवर मारताना मात्र ध्यानात ठेवावे की चेंडू सपाट कोनातून उतरतो, त्यामुळे थांबत नाही. पिन पुढे असेल आणि समोर बंकर (वाळूचा खड्डा) नसेल तर चेंडू ग्रीनच्या अलीकडे टाकून घरंगळू देणे शहाणपणाचे.

बाजूचा आणि तिरपा वारा कसा धरावा?

ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा १५० यार्डांच्या फटक्याला दहा यार्ड सहज सरकवतो, म्हणजे सामान्य आकाराच्या ग्रीनच्या मध्यापासून कडेपर्यंत. बहुतेकांनी चेंडू सरळ मारावा आणि लक्ष्यच तेवढे बाजूला धरावे. वाऱ्याविरुद्ध चेंडू वळवून तो सरळ ठेवणे दिसायला सुंदर असते, पण तसे केल्याने अंतर घटते, आणि वळण बसले नाही तर चूक दुप्पट होते.

तिरपा, म्हणजे ४५ अंशांतून येणारा वारा दोन भागांत मोडावा. १६ किलोमीटरच्या अशा वाऱ्याचे सुमारे ११ समोरून आणि ११ बाजूने लागतात. निम्मे-निम्मे धरले तर दोन्ही बाजूंनी कमी पडते. ज्यांचा चेंडू मुळातच उजवीकडे वळतो त्यांच्यासाठी समोरून आणि डावीकडून येणारा तिरपा वारा सर्वांत वाईट: समोरचा भाग वळण वाढवतो आणि बाजूचा भाग त्याला आणखी ढकलतो.

ग्रीन चढावर किंवा उतारावर असेल तर किती यार्ड वाढवावे किंवा कमी करावे?

‘एक यार्ड चढाला एक यार्ड’ हा नियम सर्वत्र सांगितला जातो. मधल्या आयर्नपुरता तो बरोबर आहे, सगळ्या क्लबांसाठी नाही. चेंडू कोणत्या कोनातून उतरतो यावर सगळे अवलंबून आहे. चेंडू ४५ अंशांनी उतरत असेल तर १० यार्ड उंच ग्रीनवर तो १० यार्ड आधीच जमिनीला भेटतो. ड्रायव्हर किंवा लांब क्लबचा चेंडू ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे अधिक सपाट उतरतो, त्यामुळे त्याच चढाला सुमारे १३ यार्ड द्यावे लागतात. वेज या आखूड फटक्याच्या क्लबचा चेंडू ५२ अंशांनी, म्हणजे बराच उभा उतरत असल्याने त्याला आठच पुरतात. ज्यांचे फटके मुळात ठेंगणे जातात त्यांना प्रत्येक क्लबला याहून जास्त द्यावे लागेल.

उतारावर हाच हिशेब उलटा. उतारावर चेंडू अधिक उभा पडून लवकर थांबतो, तर चढावरच्या ग्रीनवर तो सपाट पडून पुढे पळतो, हेही ध्यानात असू द्यावे. दृष्टिभ्रमाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. उंच टीवरून खालचे ग्रीन हातभर अंतरावर वाटते आणि आपण नको तितके कमी करतो. चढाची बाजू मात्र डोळ्यांना नेहमी सौम्य दिसते.

लवळ्यासारख्या ठिकाणी उतार आणि समोरचा वारा एकत्र आले तर एकमेकांना काटतात का?

क्वचितच. समजा, ग्रीन १६० यार्डांवर असून १२ यार्ड खाली आहे, आणि ताशी १६ किलोमीटरचा वारा समोरून येत आहे. आधी उतार वजा करू: १४८. त्यावर दहा टक्के वारा म्हणजे १५ यार्ड: १६३. उतारावरचे होल असूनही कार्डापेक्षा तीन यार्ड जास्तच खेळायचे आहेत. त्यातही उतारावर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, आणि वाऱ्याला त्याच्यावर काम करायला तेवढा अधिक अवसर मिळतो. खाली बघून नऊ नंबर उपसणारा खेळाडू अशा होलावर दरीतून दुसरा चेंडू मारताना हमखास दिसतो.

टेकडीवर दुपारी एक आणखी गोष्ट घडते. उन्हाने तापलेल्या उतारावरून हवा वर चढू लागते, आणि सकाळी निवांत असलेल्या टीवर दुपारी दरीतून वारा येऊ लागतो. उन्हाळ्यात संध्याकाळकडे पश्चिमेकडून, घाट ओलांडून येणारा वाराही त्यात मिसळतो. म्हणून सकाळी लिहून ठेवलेले आकडे दुपारच्या फेरीला वापरू नयेत.

पाय उतारावर असताना वेगळा विचार करावा लागतो का?

हो, आणि तो ग्रीनच्या उंचीच्या हिशेबात मिसळू नये. चढत्या जमिनीवर उभे असताना क्लबचा लॉफ्ट (तोंडाचा कल) प्रत्यक्षात वाढतो, म्हणून चेंडू उंच आणि आखूड जातो. उतरत्या जमिनीवर तो ठेंगणा आणि लांब जातो. चेंडू पायांपेक्षा उंच असेल तर डावीकडे, खाली असेल तर उजवीकडे ओढ असते. उंच गेलेल्या चेंडूला वाराही जास्त लागतो, एवढाच या दोन हिशेबांचा संबंध.

मुंबईला किंवा काश्मीरला खेळायला जाताना आकडे कसे बदलावेत?

चेंबूरसारख्या समुद्रसपाटीच्या मैदानावर पुण्याच्या आकड्यांतून दोन टक्के कमी करावेत. मात्र हिवाळ्यात पुण्याच्या गार सकाळचे आकडे घेऊन उबदार मुंबईत गेलात तर काहीही बदलू नये. गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. तेथे समुद्रसपाटीच्या मानाने दहा टक्के, म्हणजे पुण्याच्या मानाने सुमारे आठ टक्के कॅरी वाढते, पण थंडी त्यातले काही परत घेते. विरळ हवेत चेंडू कमी वळतो, ही स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी आहे.

चढ-उतार सांगणारा रेंजफाइंडर स्पर्धेत वापरता येतो का?

२०१९ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अंतर मोजण्याला परवानगी आहे, जोपर्यंत स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियमाने ती काढून घेतलेली नाही. उंचीतला फरक किंवा वाऱ्याचा वेग मोजणे मात्र नियम ४.३ प्रमाणे निषिद्ध आहे. यंत्रात ती सोय असली तरी चालते. ती बंद ठेवली पाहिजे. पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे, दुसऱ्याला थेट बाद. सरावाच्या फेरीत ती सोय जरूर चालू ठेवावी आणि आपला अंदाज आधी बोलून मग यंत्रात पाहावे. डोळा त्यानेच तयार होतो.

गवत उडवून वारा पाहणे चालते, मग रुमाल का नाही?

गवत नैसर्गिक आहे, रुमाल नाही. रुमाल, फीत किंवा पावडर अशा कृत्रिम वस्तूने वाऱ्याची दिशा पाहण्याला त्याच नियमाने मनाई आहे. हवामानाच्या अंदाजातला वाऱ्याचा वेग पाहण्याला मात्र हरकत नाही. क्लबबाबतचा सल्ला आपल्या कॅडीला विचारता येतो. बरोबरच्या खेळाडूला ‘कोणता मारलास?’ असे विचारून त्यावरून आपला क्लब ठरवणे हा नियम १०.२ चा भंग आहे, मग प्रश्न कितीही सहज विचारलेला असो.

ग्रीनवर वाऱ्याने चेंडू हलला तर काय करावे?

चेंडू अजून उचलला नसेल, तर दंड नाही आणि जेथे थांबला तेथूनच खेळावे. तो होलात गेला तर आधीच्या फटक्यानेच गेला असे धरले जाते. तुम्ही चेंडू उचलून परत ठेवला असेल आणि मग वाऱ्याने हलवला, तर तो मूळ जागी आणून ठेवावा लागतो, होलात गेला असला तरीही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी उतारावर चेंडू होलापासून दूर जाण्याची भीती असेल, तर ग्रीनवर पोहोचताच खूण करून तो उचलून परत ठेवावा.

वळीव येण्याआधीच्या जोरदार वाऱ्यात फेरी पूर्ण करावी का?

नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर एकाएकी धूळ उठली, वारा गार झाला आणि दिशा बदलली, तर ढगांचा गडगडाट फार लांब नाही असे समजावे. अशा वेळी खेळायचे अंतर क्लब हाउसपर्यंतचे मोजावे. एकटे झाड, उघडी टेकडी आणि हातातली छत्री यांपासून दूर राहून तिकडे निघावे.